राखाडी वायरचे प्रोब

मी पोचले तेव्हा वॉर्मर भिंतीकडे तोंड करून उभा होता. प्लग काढलेला, वरची छोटी गादी कोणीतरी उचलून नेलेली. नवजात बाळांच्या त्या खोलीत आणखी दोन वॉर्मर चालू होते आणि दोन्हींवर बाळं होती. नर्सेस मान खाली घालून कामं करत होत्या. 

मॅनेजर शर्माजी मात्र दारातच भेटले.

"मॅडम, जल्दी देख लीजिए. मशीन ओके है, इतना लिख के दे दो. बाकी हम देख लेंगे."

"आधी तपासते, मग लिहिते," मी म्हणाले.

गोंदियातलं एका ट्रस्टचं ते लहानसं हॉस्पिटल. नाव सांगत नाही. मी नागपूरच्या एका कंपनीत बायोमेडिकल इंजिनिअर होते. म्हणजे हॉस्पिटलमधली यंत्रं तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि ती पेशंटसाठी सुरक्षित आहेत असं सही करून सांगायचं. भंडारा-गोंदियाकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांची देखभाल आमच्या कंपनीकडे होती. माझं माहेर साकोलीकडचं, बोली कळते, म्हणून इकडचे कॉल बहुतेक माझ्याच वाट्याला यायचे. तिरोड्याला वीज प्रकल्प उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट.

त्या वॉर्मरवर आदल्या दिवशी एक मुलगी गेली होती. गोरेगावजवळच्या खेड्यातलं बन्सोड कुटुंब. बाप तिरोड्याच्या प्रकल्पावर ठेकेदाराकडे वेल्डर. मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली, वजन जेमतेम दीड किलो. नाव ठेवलेलं नव्हतं. केसपेपरवर 'बेबी ऑफ सविता' एवढंच.

एवढ्या लहान बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. त्यासाठी वॉर्मर असतो. वर हीटरची कांडी, खाली उघडा पाळणा. बाळाच्या पोटावर एक छोटा सेन्सर चिकटवतात, त्याला आम्ही प्रोब म्हणतो. प्रोब बाळाच्या कातडीचं तापमान मोजतो आणि वॉर्मरला कळवतो. बाळ थंड पडलं की हीटर वाढतो, गरम झालं की कमी होतो. साडेछत्तीस डिग्रीवर ठेवायचं असं सांगितलं की वॉर्मर बाळाला तिथे धरून ठेवतो. सगळी मदार त्या मसुराच्या डाळीएवढ्या सेन्सरवर.

हॉस्पिटलचं म्हणणं असं, की ड्यूटीवरच्या मेश्राम सिस्टरनं निष्काळजीपणा केला. प्रोब नीट चिकटवला नाही किंवा हीटर हातानं वाढवून ठेवला. बाळ गेल्यावर अंग पुसताना आयाबाईला ते अंग कढत लागलं आणि तिनं आरडाओरडा केला, तिथून हे सगळं उघडं पडलं होतं. सिस्टरला त्याच दिवशी घरी पाठवलं. नातेवाइकांनी पोलिसांत तक्रार दिली होती. आता वॉर्मर निर्दोष असल्याचा कागद माझ्याकडून हवा होता. तो मिळाला की दोष सिस्टरवर पक्का.

मी तपासणी सुरू केली. व्होल्टेज ठीक. अर्थिंग ठीक. हीटर ठीक. अलार्म वाजवून पाहिले, खोलीभर ऐकू गेले. प्रोब मात्र यंत्राला नव्हता. विचारलं तर एक सिस्टर म्हणाली, "माहीत नाही मॅडम, कोणी काढला." आमच्या बॅगेत एक डबी असते, सिम्युलेटर. ती प्रोबची नक्कल करते. तिच्यावर सदतीस लावलं की यंत्रानं सदतीस दाखवायचं. मी डबी जोडली. सदतीस लावलं, सदतीस आलं. अडतीस लावलं, अडतीस आलं आणि हीटर आपोआप उतरला. वॉर्मर अगदी चोख होता.

"देखा?" शर्माजी म्हणाले. "मैं बोला था ना."

मी चहा घेऊन येते म्हणून बाहेर पडले. कागदावर सही करायला हरकत नव्हती, पण मन घेत नव्हतं.

आवारात, सायकल स्टँडच्या बाजूला, एक म्हातारी सतरंजीवर बसली होती. शेजारी तिचा मुलगा, अंगात निळा कामाचा शर्ट. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र आणि हातातली बॅग बघून तिनं हाक मारली.

"तू मशीनवाली बाई होय का?"

"हो आजी."

"मंग सांग ना. काऊन गेली आमची पोट्टी?"

मी खाली बसले. म्हटलं, का गेली ते अजून तपासतेय. तिनं माझा हात धरला. हात खरखरीत होता.

"मी आत गेली होती काल. पाच मिनिटं जाऊ देत्तत. पोट्टीच्या पायाले हात लावला तं पाय तव्यावानी तापला. सिस्टरले म्हटलं, बाई, लेकराले ताप हाय. तं तिनं मशीन दाखवली. म्हने, आजी, हे पाहा, बरोबर हाय, थंडीचे दिवस हायत, गरम लागूनच राह्यते. मले का समजते मशीनमदलं? मी चूप बसली."

तिचा मुलगा प्रमोद जमिनीकडे बघत होता. "माय, तू कायले चूप बसली?" तो इतकंच बोलला. म्हातारीचं तोंड एकदम लहान झालं. तिनं माझा हात सोडला.

चहा तसाच राहिला. मी उठले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सिस्टरनं प्रोब नीट चिकटवला नसता, तर तो सुटून गार हवेत लोंबला असता आणि स्क्रीनवर तापमान उतरलेलं दिसलं असतं. हीटर हातानं वाढवला असता, तर स्क्रीनवर ताप चढलेला दिसला असता. इथे बाळ भाजत होतं आणि स्क्रीन सांगत होती की सगळं बरोबर आहे. म्हणजे यंत्राला खोटी बातमी मिळत होती. माझ्या डबीनं यंत्राला खरी बातमी दिली, म्हणून ते माझ्यासमोर शहाण्यासारखं वागलं. तपासायचा होता तो प्रोब, आणि तो कुठे आहे हे कोणी सांगत नव्हतं.

मेश्राम सिस्टर मुर्रीला राहायच्या. गोंदियाला लागूनच आहे. ऑटो केला. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण गल्लीत सगळ्यांना बातमी कळली होती आणि पत्ता सांगताना लोक माझ्याकडे पोलीस असल्यासारखे बघत होते.

सिस्टरनं दार अर्धवट उघडलं. तिशीच्या आतबाहेरची बाई, डोळे सुजलेले. मी कोण ते सांगितल्यावर आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"मी काही नाही केलं मॅडम. प्रोब मीच लावला होता, नीट लावला होता. दर तासाला पाहूनच राहिली होती. छत्तीस-पाच, छत्तीस-सहा. याच्यावर गेलंच नाही."

"काखेत थर्मामीटर लावलं होतं?"

 त्या म्हणाल्या, "लावत होतो आधी. मग सगळ्यांचंच सुटलं. स्क्रीनवर दिसूनच राहते ना मॅडम. थर्मामीटर एकच आहे, तेही लेबर रूमवाले घेऊन जातात."

"आजी म्हणाल्या होत्या ना, अंग तापलंय म्हणून?"

"म्हणाल्या." त्यांनी पदर तोंडावर धरला. "मलाही गरम लागलं होतं. मी बिसेन सरांना सांगितलं, बाळ लाल दिसून राहिलं, श्वास जोरात चालला. त्यांनी स्क्रीन पाहिली. म्हणाले, ताप नाही, इन्फेक्शन असेल. अँटिबायोटिक बदललं."

मी विचारलं, "प्रोब कोणता होता? पांढऱ्या वायरचा?"

"नाही. पांढरे तुटले होते. हे नवीन आहेत, राखाडी वायरचे. दिवाळीनंतर तुमच्याच कंपनीचा माणूस येऊन बदलून गेला. तिन्ही वॉर्मरचे."

वॉर्मर बनवणाऱ्या कंपनीचे प्रोब पांढऱ्या वायरचेच येतात. राखाडी मी कधी पाहिले नव्हते. आणि तिन्ही वॉर्मरचे, असं त्या म्हणाल्या होत्या. दोन वॉर्मरवर या क्षणाला बाळं होती. त्यांच्या वायरी दुपट्याखाली होत्या, मला सकाळी दिसल्या नव्हत्या.

मी तिथूनच डॉक्टर बिसेनांना फोन लावला. सिस्टरनं नंबर दिला.

"डॉक्टर, मी बायोमेडिकलवाली बोलतेय. दोन्ही बाळांच्या काखेत थर्मामीटर लावा. आत्ता."

"स्क्रीनवर दोन्ही नॉर्मल आहेत मॅडम. मी इथेच आहे."

"स्क्रीन बघू नका. थर्मामीटर लावा. मी फोन चालू ठेवते."

पावलांचा आवाज आला. कोणीतरी 'लेबर रूममधून आणा' म्हणून ओरडलं. मग बराच वेळ काही नाही. सिस्टर माझ्यासमोर उभ्या होत्या, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून.

डॉक्टर परत फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "एकाचं साडेसदतीस आहे. दुसऱ्याचं अडतीस पॉइंट सात."

"स्क्रीनवर?"

"दोन्हींवर छत्तीस पॉइंट सहा."

"हीटर बंद करा. प्रोब काढा, पण टाकू नका. बाळं आपापल्या आईच्या छातीशी द्या, उघड्या अंगाला अंग लावून. तेवढी ऊब सध्या पुरेल."

"हो," ते म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा, "हो, देतो."

मेश्राम सिस्टर खाली बसल्या आणि रडू लागल्या. त्यांच्या अंगावरचा आळ उतरतोय म्हणून नव्हे. त्या म्हणत होत्या, "म्हणजे मी तिथं उभी राहून तिला भाजू दिलं, मॅडम."  ऑटो थांबवून ठेवला होता, मी निघाले.

हॉस्पिटलमध्ये पोचले तर दोन्ही आया खाटांवर बसल्या होत्या, बाळं पदराखाली. एक आई हसून बाळाकडे बघत होती. तिला वाटत होतं, बाळ बरं झालं म्हणून दिलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी लॅबमधून काचेचं चांगलं थर्मामीटर मागवलं आणि कॅन्टीनमधून थर्मासमध्ये कोमट पाणी. डॉक्टर बिसेन आणि शर्माजींना समोर उभं केलं. बाळांचे काढलेले दोन्ही राखाडी प्रोब आणि थर्मामीटर एकाच पाण्यात सोडले. थर्मामीटर अडतीस पॉइंट पाच दाखवत होतं. एका प्रोबवर स्क्रीन दाखवत होती छत्तीस पॉइंट चार. दुसऱ्यावर सदतीस पॉइंट सहा. मग माझ्या बॅगेतला पांढऱ्या वायरचा प्रोब जोडला. अडतीस पॉइंट पाच.

त्यामागचं कारण साधं आहे. सेन्सर गरम झाला की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो. किती डिग्रीला किती अडथळा, याचं कोष्टक यंत्राच्या आत भरलेलं असतं. ते त्याच कंपनीच्या सेन्सरचं असतं. दुसरा सेन्सर जोडला तरी यंत्र आपलंच कोष्टक वाचतं. राखाडी प्रोबचा अडथळा जास्त होता, म्हणून यंत्राला वाटायचं बाळ थंड आहे आणि ते हीटर वाढवत राहायचं. पिन मात्र तंतोतंत बसत होती. पिन बसली की प्रोब चालला, असं बसवणारा समजला.

डॉक्टर बिसेन स्टुलावर बसले. पन्नाशीचा माणूस, गोंदियातले जुने डॉक्टर. ते त्या थर्मासकडे बघत म्हणाले, "ती तापत होती आणि मी अँटिबायोटिक बदलत बसलो."

शर्माजींनी दार लावून घेतलं. "डॉक्टर साहब, ये बात यहीं रहेगी. मॅडम, आप प्रोब बदल दो, मैं आपके ऑफिस से बात करता हूँ."

त्यांनी फोन लावायच्या आतच माझा फोन वाजला. आमचे ब्रँच मॅनेजर, वानखेडे साहेब. गोंदियातून कोणीतरी आधीच कळवलं होतं.

"काय चाललंय तिथे?"

मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "ओरिजिनल प्रोब यायला महिने लागत होते. हॉस्पिटलं रोज बोंब मारत होती. मार्केटमध्ये कॉम्पॅटिबल मिळाले, ते दिले. सगळेच देतात."

"तपासून दिले होते का, साहेब?"

"ते तपासायचं काम सप्लायरचं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ बोरकर, रिपोर्टमध्ये लिही, यंत्र योग्य स्थितीत, प्रोब लावण्यात चूक झाली असण्याची शक्यता. यंत्र योग्य स्थितीत आहेच ना? खोटं कुठे लिहायला सांगतोय मी?"

"सिस्टरची नोकरी जाईल, साहेब."

"आणि कंपनीचं काँट्रॅक्ट गेलं तर पन्नास जणांची जाईल. तुझी धरून."

"हे प्रोब आणखी कुठेकुठे दिलेत?"

"ते मी बघतो. तू रिपोर्ट घेऊन ये, आपण ऑफिसात बसून फायनल करू."

फोन ठेवला. ऑफिसात नेलेल्या रिपोर्टचं काय होतं, ते मला माहीत होतं. मी तिथेच, बाळांच्या खोलीतल्या टेबलावर बसून रिपोर्ट लिहिला. पाण्याची चाचणी, दोन राखाडी आणि एका पांढऱ्या प्रोबचे आकडे, मुलीच्या वॉर्मरचा प्रोब गायब असल्याचं, आणि प्रोब कोणी बसवले तेही. खाली सही केली. डॉक्टर बिसेनांसमोर ठेवला. त्यांना सही करायची गरज नव्हती. केली तर त्यांचाही हलगर्जीपणा कागदावर येणार होता.

शर्माजी म्हणाले, "डॉक्टर साहब, सोच लीजिए."

डॉक्टर म्हणाले, "सोच लिया." आणि साक्षीदार म्हणून सही केली. एक प्रत त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिली.

बन्सोडांना सांगायचं काम कोणालाच नको होतं. मी आवारात गेले. प्रमोद एकटाच होता, म्हातारी सुनेजवळ वॉर्डात गेली होती. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत मी त्याला सांगितलं. वेल्डर माणूस, उष्णता आणि विजेचं त्याला पटकन कळलं. मी कोष्टकापर्यंत आले तेव्हा त्यानं मान हलवली.

"म्हनजे मीटर चुकीचा होता."

"हो."

"आमच्या साइटवर मीटर चुकला तं सुपरवायझर काम बंद करते." त्यानं वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "मायले नका सांगू मॅडम. तिचं बरोबर होतं हे तिले समजलं, तं ते चूप बसली म्हनून आयुष्यभर रडन."

मी आजींना सांगितलं नाही. ते योग्य होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोंदियाहून परतताना गाडीत बसून मी फोन लावत गेले. प्रोब कुठेकुठे गेलेत ते वानखेडे साहेब सांगणार नव्हते, पण वॉर्मर असलेल्या हॉस्पिटलांचे नंबर माझ्याकडे होते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: प्रोबची वायर कोणत्या रंगाची आहे? बहुतेकांनी पांढरी सांगितली. काही ठिकाणी राखाडी निघाली. तिथे सांगितलं, काढून ठेवा, काखेत थर्मामीटर लावा, उद्या मी येते.

एका गावच्या सिस्टरनं वायर पाहून येऊन सांगितलं, "राखाडीच आहे. काऊन मॅडम?"

मी कारण सांगितलं. 

"मागल्या हप्त्यात आमचं एक बाळ गेलं," ती म्हणाली. "पण ते कमजोरच होतं. कमी वजनाचं. अशी बाळं जातातच ना मॅडम?"

"थर्मामीटर लावलं होतं का?"

"नाही. स्क्रीनवर तर बरोबरच होतं."

ते बाळ कशानं गेलं ते मला सांगता येत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. त्याच्या घरच्यांनी तक्रार केली नव्हती, पुरून झालं होतं, आणि केसपेपरवर तासातासाला साडेछत्तीस लिहिलेलं असणार.

पुढचं थोडक्यात. राखाडी प्रोब सगळीकडून निघाले. चौकशी झाली, त्यात उपकरणातला दोष आणि देखरेखीतली त्रुटी असं दोन्ही लिहिलं गेलं. कंपनीनं सप्लायरकडे बोट दाखवलं. सप्लायरचं दुकान तोपर्यंत दुसऱ्या नावानं चालू झालं होतं. मेश्राम सिस्टरवरचा निष्काळजीपणाचा आरोप मागे घेतला, पण हॉस्पिटलनं त्यांना परत बोलावलं नाही. थर्मामीटर का लावलं नाही, हा प्रश्न त्यांच्या नावापुढे राहिला. तो डॉक्टरांच्या किंवा थर्मामीटर न पुरवणाऱ्या शर्माजींच्या नावापुढे कोणी लावला नाही. मेश्राम सिस्टरनी नर्सिंग सोडल्याचं नंतर कळलं. माझी बदली झाली, मग काँट्रॅक्ट संपल्याचं कारण देऊन मला काढलं. दुसरी नोकरी मिळाली. तीही हॉस्पिटलच्या यंत्रांचीच.

आता नव्या इंजिनिअरांना शिकवते तेव्हा दोनच गोष्टी सांगते. पिन बसली म्हणून पार्ट बसला असं समजू नका. आणि जे यंत्र तापवतं, तापमान त्यालाच विचारू नका, वेगळं थर्मामीटर लावा. मुलं लिहून घेतात. एकदा एकानं विचारलं, मॅडम, एवढं साधं कोण विसरतं? मी त्याला म्हटलं, सगळे विसरतात, कारण स्क्रीनवर बरोबर दिसत असतं.